फौज कुणाची, तारीख कुणाची?

डॉकयार्ड रोड स्टेशनात उतरायचं. माझगावची टेकडी चढायची. वर बाप्टिस्टा बाग आहे. तिथं कठड्याला टेकून समुद्राकडं तोंड करायचं. खाली गोदी दिसते. क्रेनचे लांब हात, पत्र्याच्या शेडी आणि मधेच राखी रंगाचं एखादं अर्धवट धूड. ते लढाऊ जहाज. १९७२ची नीलगिरी इथंच बांधली. १९८३ची गोदावरीही इथलीच. फिटर, वेल्डर, रंगारी, ठेकेदाराची रोजंदारीवरची पोरं, या सगळ्यांच्या घामानं ही जहाजं पाण्यात उतरतात. ती कुठल्या देशाच्या किनाऱ्याला लागायची आणि कधी परत फिरायची, हे मात्र या वस्तीला कुणी विचारत नाही.

हे आज लिहायचं कारण म्हणजे परवा आमच्यात झालेला वाद. आमच्यातला एक पोरगा भरतीची तयारी करतोय. पहाटे उठून धावतो, छाती फुगवून मोजतो. छाती अजून दोन बोटं कमी भरतेय. बोलता बोलता विषय श्रीलंकेवर गेला. मी म्हटलं, १९८७ साली फौज गेली ती गेली, पण परत आणायला एवढा उशीर का लावला? त्यात आपली पोरं मेली, त्यांचा हिशेब कुणी द्यायचा? तसा एक जण उसळला. म्हणाला, "रेजिमेंटवर बोलायचं नाय. ती बाबासाहेबांनी मिळवून दिलीय. तिच्यावर बोट ठेवलंस तर तू आमचा नाय."

ठीक आहे दोस्ता. तू मला बाहेर काढायच्या आधी हे वाच.

रेजिमेंट कशी मिळाली तिथूनच सुरुवात करू. कोरेगावच्या स्तंभाला सलाम करायला आपण दरसाल एक जानेवारीला जातो. १८१८ साली तिथं आपले पूर्वज कंपनीच्या पलटणीत लढले. पुढं त्याच इंग्रजानं लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असली भंकस काढली आणि १८९२ साली महारांची भरती बंद केली. दापोलीचे गोपाळबाबा वलंगकर, स्वतः पेन्शनर शिपाई, त्यांनी अर्ज लिहिला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी लिहिला. दार उघडलं नाही. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा १९१७ साली १११ महार उभी केली, युद्ध संपल्यावर १९२१पर्यंत मोडून टाकली. गरज सरो, वैद्य मरो. दुसरं महायुद्ध लागलं. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्यांनी आग्रह धरला आणि १९४१च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. आज त्या रेजिमेंटमध्ये सगळ्या जातींचे, सगळ्या प्रांतांचे जवान आहेत. नाव मात्र आपलं.

म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं आपण दार ठोठावत होतो. आता जरा समुद्रापलीकडं बघ. ज्या काळ्या पँथरांवरून १९७२ साली मुंबईत आपल्या पँथरनं नाव घेतलं, त्यांनी १९६६च्या ऑक्टोबरात आपला दहा कलमी कार्यक्रम लिहिला. त्यातलं एक कलम होतं, काळ्या माणसाला लष्करी नोकरीतून वगळा. आपले आजे पंजे म्हणत होते घ्या, ते म्हणत होते सोडा. कारण अमेरिकेत सक्ती होती. व्हिएतनाममध्ये माणसं हवी होती म्हणून मॅक्नमारानं त्याच १९६६ साली एक योजना काढली. लेखी परीक्षेत नापास होणारी पोरं, ज्यांना एरवी फौजेनं उभं केलं नसतं, अशी तीन लाखांवर पोरं आत ओढली. त्यांत काळ्यांचा भरणा लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्यापेक्षा कितीतरी जास्त होता. शाळेनं टाकलेला, कारखान्यानं नाकारलेला पोरगा युद्धाला बरोबर चालतो! महंमद अलीनं १९६७ साली भरतीला नकार दिला, किताब गमावला, पण पाऊल पुढं टाकलं नाही.

मग आपण चुकलो आणि ते बरोबर, असं आहे का? नाही. दोन्ही मागण्या माणूसपणाच्याच. आपल्याला बंद दाराचा अपमान होता, त्यांना उघड्या दारातून ढकललं जाण्याचा. पण लक्षात ठेव, दार उघडा म्हणणं वेगळं आणि त्या दारातून आम्हाला वाटेल तिथं, वाटेल तेवढा काळ ढकला म्हणणं वेगळं. बाबासाहेबांनी पहिली गोष्ट मागितली. दुसरीवर त्यांनी कधी सही केलेली नाही. उलट १९५१ साली मंत्रिमंडळातून बाहेर पडताना त्यांनी देशापुढं हिशेब मांडला, की साडेतीनशे कोटींच्या महसुलातले एकशे ऐंशी कोटी फौजेवर जातात आणि हे आपल्या परराष्ट्र धोरणाचं फळ आहे. रेजिमेंट मिळवून देणारा माणूसच फौजेचा हिशेब मागत होता. आता सांग, बोट कुणी ठेवलं?

आता लंकेवर येतो.

२९ जुलै १९८७. कोलंबोत राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. दुसऱ्याच दिवशी आपली फौज उतरली. नाव काय तर शांतिसेना. तमिळ वाघांकडून हत्यारं ठेवून घ्यायची आणि परत यायचं, असा सोपा मामला सांगितला होता. ऑक्टोबरात त्याच वाघांशी लढाई जुंपली. त्याच महिन्यात जाफना विद्यापीठाच्या मैदानावर रात्री हेलिकॉप्टरनं उतरवलेली शीख लाइट इन्फन्ट्रीची तीस जणांची तुकडी जवळजवळ सगळी कापली गेली. त्याच महिन्यात जाफन्याच्या हॉस्पिटलात आपली फौज शिरली आणि डॉक्टर, नर्सा, पेशंट मिळून साठावर माणसं गोळ्यांनी मेली. दोन्ही गोष्टी एका दमात सांगतो. एकच सांगितली तर ते अर्धसत्य होईल.

२५ नोव्हेंबर १९८७. ८ महार. मेजर रामस्वामी परमेश्वरन. मुंबईत जन्मलेले, तमिळ घरातले. रात्री शोधमोहिमेवरून परतताना तुकडीवर घाला पडला. छातीत गोळी बसली, तरी त्यांनी समोरच्याच्या हातातली रायफल हिसकावून त्याला पाडलं आणि श्वास चालू होता तोवर हुकूम देत राहिले. लंकेच्या त्या सगळ्या मोहिमेतलं एकमेव परमवीर चक्र हे. ते महार रेजिमेंटकडं आलं. छाती भरून येते, माझीही येते. पण त्याच छातीत एक प्रश्नही उठतो. तमिळ घरातला माणूस, महार पलटणीचा अधिकारी, परक्या बेटावरच्या तमिळ पोरांशी झुंजत मेला. हे कुणाचं भांडण होतं? आणि ते कधी थांबवायचं हे कोण ठरवत होतं?

तारखा बघ. डिसेंबर १९८८मध्ये प्रेमदासा निवडून आले. १ जून १९८९ला त्यांनी जाहीर सांगितलं, २९ जुलैच्या आत भारतानं फौज न्यावी. घरमालक म्हणतोय, बाहेर व्हा. दिल्लीनं काय केलं? पत्रांवर पत्रं. आम्ही करार केलाय, आमची जबाबदारी आहे, वेळापत्रक आम्ही मिळून ठरवू. २९ जुलैला दाखवण्यापुरती एक तुकडी बोटीत चढवली. बाकी फौज तिथंच.

आणि चारच दिवसांनी, २ ऑगस्टला, वल्वेट्टितुराईच्या बाजारात वाघांनी आपल्या गस्तीवर हल्ला केला. आपले सहा जण मेले. त्यानंतर त्या गावात आपल्या जवानांनी पन्नासहून जास्त साधी माणसं मारली, घरं जाळली. ते सहा जवान आणि ते पन्नासावर गावकरी, सगळे 'बाहेर व्हा' या तारखेनंतरचे मुडदे आहेत. तारीख पाळली असती तर त्या दिवशी त्या बाजारात भाजी विकली गेली असती.

पुढं सप्टेंबरात समझोता झाला, वर्षअखेरीची बोली झाली, दिल्लीत सरकार बदललं, व्ही. पी. सिंग आले. शेवटचं जहाज त्रिंकोमालीहून निघालं ते २४ मार्च १९९०ला. जवळजवळ बत्तीस महिने. आपले मेलेले सुमारे बाराशे. मद्रासच्या बंदरात परत आलेल्यांच्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. पाठवताना बँड होता. परत येताना शिपायाच्या तोंडाकडं बघायला कुणी तयार नव्हतं.

आता तू म्हणशील, एवढं सोपं नसतं राव. बरोबर, सोपं नसतं. तुझे तीन मुद्दे मी घेतो.

पहिला मुद्दा. मधेच परत आलो असतो तर आधी मेलेल्यांचं बलिदान वाया गेलं असतं. हा मुद्दा दिल्लीत, वॉशिंग्टनमध्ये, मॉस्कोत, सगळीकडं चालतो. पण हा मटका खेळणाऱ्याचा मुद्दा आहे. हरलेले पैसे वसूल करायला तो बायकोचं मंगळसूत्र गहाण टाकतो, मग खोली, मग पोरांची शाळा. आपल्या वस्तीत अशी घरं आपण बघितलीत. मेलेला माणूस आणखी एक माणूस मेल्यानं परत येत नाही. तो फक्त एकाचे दोन होतो. जो गेला त्याचा मान ठेवायचा तर जो अजून जिवंत आहे त्याला घरी आणा.

दुसरा मुद्दा. फौज निघून गेली तर मागं रक्तपात होतो. हा खरा मुद्दा आहे, आणि मी तो टाळणार नाही. लंकेत झालाच. आपल्या पाठिंब्यावर तिथं ईशान्य प्रांताचं सरकार उभं केलं होतं. त्याच्या बचावासाठी तमिळ गावांतल्या कोवळ्या पोरांना घरातून उचलून बंदुका दिल्या आणि तमिळ नॅशनल आर्मी असं नाव लावलं. आपली फौज मागं हटायला लागली तशी वाघांनी ती पोरं टिपून टिपून मारली. मुख्यमंत्री वरदराज पेरुमाळ भारतात निघून आले. पोरांना बोट मिळाली नाही. काबूलमध्येही तेच. ३० ऑगस्ट २०२१ला शेवटचं अमेरिकन विमान उडालं आणि ज्या मुलींना शाळेत जा म्हणून सांगितलं होतं त्यांच्यासाठी मोठ्या वर्गांची दारं बंद झाली.

पण यातून काय निघतं? आणखी राहावं असं निघतं का? वीस वर्षं राहूनही काबूलचं तेच झालं. बत्तीस महिने राहूनही जाफन्याचं तेच झालं, लढाई २००९पर्यंत चालली. यातून निघतं ते एवढंच, की परत येण्याचा विचार परत येताना करायचा नसतो, जाताना करायचा असतो. दुसऱ्याच्या पोराच्या हातात तू बंदूक दिलीस तर निघताना त्याला बोटीत जागा देण्याची जबाबदारीही तुझीच. ही जबाबदारी पेलवणार नसेल तर बंदूक देऊ नकोस, जाऊ नकोस.

तिसरा मुद्दा. फौजेची इज्जत. इज्जत परत येण्यानं जाते? मग १९७२ आठव. १६ डिसेंबर १९७१ला ढाक्यात पाकिस्तानी फौज शरण आली. जानेवारीत मुजीब सुटून आले. त्यांनी इंदिरा गांधींना विचारलं, फौज कधी नेताय? १२ मार्च १९७२ला ढाक्यात निरोपाचं संचलन झालं. तीन महिन्यांच्या आत. जिंकलेली फौज, मित्राची भूमी, तरी मालकानं म्हटलं आणि पाहुणा उठला. त्यानं इज्जत गेली नाही. बाईंच्या राजवटीची आम्हाला भक्ती नाही, पुढं त्यांनीच देश आणीबाणीत टाकला. पण ही गोष्ट बरोबर केली, तर बरोबर केली म्हणायचं.

मालदीवही बघ. १९८८च्या नोव्हेंबरात तिथं भाडोत्री टोळीनं बंड केलं. तिथल्या सरकारनं बोलावलं म्हणून आपले छत्रीधारी जवान उतरले, आणि पळून जाणारं जहाज समुद्रात गाठलं ते आपल्या माझगावच्या गोदावरीनं. काम झालं, बहुतेक फौज थोड्याच दिवसांत परत. पुढं २०२३ साली त्याच मालदीवमध्ये मुइझ्झू निवडून आले ते भारतीय जवान परत पाठवू असं सांगून. तिथं आपले ऐंशीच्या आसपास जवान हेलिकॉप्टरं आणि एक विमान सांभाळत होते. आपल्याकडं केवढी बोंबाबोंब झाली! पण शेवटी बोलणी झाली, जवानांच्या जागी बिनलष्करी तंत्रज्ञ गेले आणि १० मे २०२४ या ठरलेल्या तारखेच्या आत जवान परत आले. एकही मुडदा पडला नाही. प्रेमदासांनी मागितलं होतं तेच मुइझ्झूंनी मागितलं. एकदा तारीख ताणली, एकदा पाळली. फरक मोजायला फार अक्कल लागत नाही.

तर माझं म्हणणं हे. फौज परत कधी आणायची याचं उत्तर दिल्लीच्या नकाशावर सापडत नाही. ज्यांच्या भूमीवर फौज उभी आहे ते लोक 'जा' म्हणाले, की ती तारीख झाली. त्यानंतर उरतो तो बोटींचा आणि विमानांचा हिशेब. त्यापुढचा प्रत्येक मुडदा, मग तो आपल्या जवानाचा असो नाहीतर तिथल्या भाजीवालीचा, ताणणाऱ्याच्या नावावर लिहायचा.

आणि हे म्हणणारा मी पहिला नाही. या मुंबईनं ते आधी म्हटलंय. तेही वर्दीतल्या माणसांनी.

१९४५ साली जपान हरला. इंडोनेशियानं स्वातंत्र्य जाहीर केलं. डच साहेबाला त्याची गादी परत मिळावी म्हणून इंग्रजानं हिंदी फौज जावात उतरवली. सुराबायात ऑक्टोबर-नोव्हेंबरात भयानक लढाई झाली. तिथं मराठा लाइट इन्फन्ट्रीचीही पोरं होती. स्वतः गुलाम असलेल्या देशाची पोरं दुसऱ्याला गुलाम करायला पाठवलेली! ऑस्ट्रेलियाच्या बंदरांत हिंदी खलाशांनी डच जहाजांवरून उतरून कामाला नकार दिला. आणि १८ फेब्रुवारी १९४६ला मुंबईत तलवार या नाविक तळावर खलाशांनी संप केला. सुरुवात सडक्या जेवणावरून आणि साहेबाच्या शिव्यांवरून झाली. पण दोन दिवसांत मागण्यांचा कागद तयार झाला त्यात काय होतं? चांगलं जेवण, गोऱ्यांइतका पगार, आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका, आणि इंडोनेशियातून हिंदी फौज परत आणा.

वाच परत. नासक्या डाळीच्या मागणीशेजारी परक्या देशाच्या स्वातंत्र्याची मागणी. एकाच कागदावर. पोट आणि जग एकत्र बघणारा तो कागद विलायतेत शिकलेल्या कुणी लिहिला नव्हता, बोटीवरच्या पोरांनी लिहिला होता.

२२ फेब्रुवारीला गिरणगावानं त्यांच्यासाठी गिरण्या बंद पाडल्या. परळ, लालबाग, डिलाईल रोड, रस्त्यारस्त्यांत गोळीबार झाला. दोनशेहून जास्त माणसं मेली. काँग्रेसचे आणि लीगचे मोठे पुढारी मात्र शरण जा असा सल्ला देत होते. २३ला खलाशी शरण आले. काहींना तुरुंग, कित्येकांची नोकरी गेली. स्वतंत्र भारतानंही त्यांना लवकर जवळ केलं नाही. पण १९४६ संपायच्या आत हिंदी फौज जावातून निघाली. एकट्या मुंबईमुळं निघाली असं मी म्हणत नाही. पण शिपायांवर आता भरवसा नाही, ही धास्ती साहेबाच्या पोटात कुणी घातली, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

तेव्हा दोस्ता, शिपायानं प्रश्न विचारला की फौजेची बेअब्रू होते हे तुला कुणी शिकवलं? १८१८चा शिपाई कंपनीचा चाकर होता. त्याला मत नव्हतं. आज भरतीच्या रांगेत उभा राहणारा नागरिक आहे, ज्या संविधानावर आपण हात ठेवतो त्यानं त्याला नागरिक केलंय. पण त्याच देशात आजही परदेशी फौज पाठवायला संसदेचं मत घ्यावंच लागेल असा कायदा नाही. सरकारनं ठरवलं की फौज निघाली. लंकेला तशीच निघाली. आणि २०२२पासून शिपायाची भरतीच चार वर्षांची झालीय. चारांतल्या फार तर एकाला पुढं ठेवणार, बाकीचे घरी. शिपाई रोजंदारीवर आला. ज्याची नोकरी चार वर्षांची, त्याच्यासाठी कुणी दिल्लीत चार वाक्यं तरी बोलेल का?

म्हणून चळवळीनं या मागण्या हातात घ्याव्यात. एक, संसदेत उघड मतदान झाल्याशिवाय एकही पलटण परदेशी लढाईला जाणार नाही. दोन, त्या ठरावातच परत येण्याची तारीख लिहिलेली असेल आणि ती पुढं ढकलायची तर पुन्हा मतदान. तीन, तिथल्या लोकांनी निवडलेल्या सरकारनं जा म्हटलं तर वाद नको, बोटी काढा. आणि तिथल्या ज्या पोरांच्या हातात आपण बंदुका दिल्या त्यांना बोटीत आधी बसवा.

यात रेजिमेंटचा अपमान कुठं आहे ते दाखव. परमेश्वरन यांच्या फोटोला हार घालताना मी हात जोडतो, आणि हात जोडूनच विचारतो, की साहेब, तुमची तारीख कुणी ठरवली होती?

तू उद्या पहाटे धावायला जाशील. जा. दोन बोटं छाती वाढव, भरती हो, बाबासाहेबांनी उघडून दिलेल्या दारातून ताठ मानेनं आत जा. पण आत जाताना जीभ बाहेर ठेवू नकोस. बोटीत चढवतील तेव्हा विचार, कुणाच्या घरी चाललोय? त्यांनी बोलावलंय का? आणि परत कधी?

जय भीम.